हिशेबाला ताजे डोके द्या

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कापडाचा कोणताही बाजार घ्या. सकाळी ११ च्या सुमारास शटर वर जाते. दुपारी जेवण झाल्यावर दलाल येऊन बसतो आणि सुताचा सौदा होतो. रात्री १० नंतर गल्ला मोजला जातो, रोजमेळ लिहिला जातो, उद्याचे चेक सहीला येतात. या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. एवढ्या अनुभवावरून आमचे स्पष्ट मत झाले आहे की, ही पद्धत उलटी आहे. ज्या कामावर नफा-नुकसान ठरते, नेमके तेच काम डोके थकलेले असताना केले जाते.

माणसाची अक्कल चोवीस तास एकसारखी चालत नाही. शरीरात एक घड्याळ असते आणि ते मुख्यतः उजेडावर आपली वेळ लावून घेते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असते, मग ते चढत जाते आणि संध्याकाळकडे सर्वांत जास्त होते. शिकागो विद्यापीठातील क्लाइटमन यांनी १९३० च्या दशकात पत्ते लावणे, गुणाकार करणे अशी साधी कामे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी लोकांकडून करवून घेतली. उठल्याबरोबर आणि रात्री उशिरा वेग मंद, दिवसा तेज, असे त्यांना दिसले. गुणाकार म्हणजे तर व्यापाऱ्याचे रोजचेच काम. ताका किती मीटरचा आणि भाव किती, याचाच तो खेळ आहे.

दुपारचेही तसेच आहे. साधारण १ ते ३ च्या दरम्यान डोळे जड होतात. जेवण जड असेल तर सुस्ती वाढते, पण न जेवलेल्या माणसालाही ती थोडीफार येतेच, कारण ती घड्याळातलीच उतरण आहे. हुशार दलाल हे पुस्तक न वाचताही ओळखतो. समोरच्याला जांभई आली की भाव पक्का करून घ्यायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. पैगंबर (सल्ल.) यांनी आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकतीची दुआ केली. ही हदीस सांगणारे हजरत सख्र गामिदी (रजि.) हे स्वतः व्यापारी होते. ते आपला माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करीत आणि त्यांची संपत्ती पुष्कळ वाढली, असे तिरमिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत नमूद आहे. दुपारच्या विश्रांतीचा उल्लेख कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत ५८) आहे, आणि कैलूला तर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना प्रवासात थोडी झोप घेऊ देऊन पाहिले. सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेच त्यांची सावधानता सुधारली. तेव्हा गादीवर अर्धा तास आडवे होण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र उठल्याबरोबर लगेच सही करू नये. झोपेचा अंमल उतरायला थोडा वेळ लागतो.

काही बांधव म्हणतील, गिऱ्हाईक संध्याकाळी येते, मग दुकान सकाळी उघडून काय करायचे? आमचे म्हणणे दुकान लवकर बंद करा असे नाहीच. संध्याकाळी अंगात उत्साह असतो, बोलणे चालते, विक्रीला ती वेळ उत्तमच. फक्त हिशेब तेवढा सकाळी हलवावा. रात्री रोकड मोजून कुलपात ठेवावी. खतावणी, उधारीची यादी, नव्या पार्टीला माल द्यायचा की नाही हा निर्णय, जीएसटीचे विवरण, ही सर्व कामे गिऱ्हाईक येण्यापूर्वीच्या दोन तासांत उरकावीत. महिन्याच्या १९ तारखेला मध्यरात्री भरलेल्या विवरणात एक आकडा चुकला, तर पुढे नोटिशीला उत्तर देण्यात किती दिवस जातात, हे प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे.

कारागिरांसाठीही नियम तोच. शिलाई उसवता येते, पण कात्री फिरली की कापड परत जुळत नाही. म्हणून टेलर बंधूंनी कटिंग सकाळी करावे, काज-बटण आणि इस्त्री दुपारी. जरीकामातील नक्षीची आखणी आणि रंगांची जुळणी दिवसाउजेडी करावी, सरावाची टाकेभरणी नंतर.

सगळ्यांचे घड्याळ एकाच वेळेला लावलेले नसते, हेही लक्षात घ्यावे. विशीच्या सुमारास मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी डोके उशिरा चालू लागते. वय वाढते तशी सकाळ लवकर होते. त्यामुळे मुलगा आळशी आहे असे म्हणून घरात रोज कटकट करण्यापेक्षा वडिलांनी सकाळचा हिशेब आणि खरेदी बघावी, मुलाने संध्याकाळचा काउंटर सांभाळावा. दोघांची अक्कल धंद्याच्या कामी येईल.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. व्यापारी आपली वेळ बदलू शकतो, मागावर रात्रपाळी करणारा कामगार बदलू शकत नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा अपघात (१९७९) पहाटे ४ वाजता, भोपाळची वायुगळती (१९८४) मध्यरात्रीच्या सुमारास आणि चेर्नोबिलचा स्फोट (१९८६) रात्री सव्वाच्या पुढे झाला. प्रत्येकाची कारणे अनेक होती, पण रात्री माणूस कमी सावध असतो ही गोष्ट कोणी नाकारत नाही. बारा तासांची पाळी, तीही दर आठवड्याला दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करणारी, म्हणजे शरीराचे घड्याळ कधी बसूच द्यायचे नाही. त्यातून डागी कापड निघते हे मालकाचे नुकसान, आणि बोट पट्ट्यात सापडते ते कामगाराचे. मालकांनी पाळी निदान काही आठवडे तरी एकच ठेवावी, पट्ट्यांना जाळी लावावी आणि रात्री २ ते ५ च्या दरम्यान चहाची एक हक्काची सुट्टी द्यावी. यात फार खर्च नाही.

भांडवल कमी असेल तर कर्ज मिळते, माल कमी असेल तर उधार मिळतो. ताजे डोके मात्र रोज मोजक्याच तासांचे मिळते. ते कशावर खर्च करायचे, याचा विचार व्यापारी बांधवांनी आजच करावा.