ऊस आपला, इथेनॉल आपलं. मग जुनी गाडी कुणाच्या भरवशावर?

सातारा/सांगली : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी घेताना आधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस भरावा लागायचा. कराआधीची किंमत ४ लाख धरली, तर पूर्वी गाडी ५ लाख १६ हजारांना पडायची, ती आता ४ लाख ७२ हजारांना पडते. म्हणजे ४४ हजारांची बचत. उसाचं बिल किंवा द्राक्षाचा पैसा हातात आलेल्या घरात लगेच शोरूमचा विषय निघतो, तो यामुळंच.

पण माण, खटाव, जत, आटपाडी, पाटण, शिराळा या तालुक्यांत रस्त्यावर दिसणारी बहुतेक छोटी गाडी नवीकोरी नसते. ती पुण्या-मुंबईत कुणीतरी पाच-दहा वर्षं वापरलेली आणि मग गावाकडं आलेली असते. मारुती ८००, आल्टो, वॅगनआर, ईको, सँट्रो ही नावं घराघरात माहीत आहेत. या गाड्यांबद्दल मालकांचा अनुभव कसा आहे आणि पुढं काय वाढून ठेवलंय, हे बघायला हवं.

'गाडी सोडत नाही' म्हणजे नेमकं काय?

शहरात गाडीचं कौतुक स्क्रीन आणि सनरूफवरून होतं. गावात एकच वाक्य ऐकू येतं, "गाडी सोडत नाही." रात्री दोन वाजता बाळंतिणीला कराडला किंवा मिरजेला न्यायचं असेल, तर चावी फिरवल्याबरोबर इंजिन लागलं पाहिजे. आणि कधी सोडलंच, तर गावच्या नाक्यावरच्या मेस्त्रीला ते उघडता आलं पाहिजे.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० तीस वर्षं टिकली ती या दोन गोष्टींवर. तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आल्टो ८०० सुद्धा २०२३ मध्ये बंद झाली. तरीही दोन्हीचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फॅन बेल्ट दुपारपर्यंत बसवून गाडी घरी येते. उणिवाही मालक लपवत नाहीत. पाच माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी किंवा कुंभार्ली घाट चढताना छोटं इंजिन दमतं. पत्रा हलका आहे, आणि जुन्या गाड्यांना एअरबॅग नाहीत. भरवसा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न सोडणारी गाडी अपघातात वाचवेलच असं नाही.

पाणी, धूळ आणि उंदीर

एकाच मॉडेलबद्दल दोन तालुक्यांत दोन मतं ऐकू येतात, त्यामागं कारण आहे. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तर माण-आटपाडीत ५०० च्या आसपास. पाटण-जावळीकडं गाडी खालून गंजते. जत-आटपाडीकडं एअर फिल्टर धुळीनं बसतो आणि ॲव्हरेज पडतं.

दुसरं दुखणं रेडिएटरचं. कूलंट संपला की बोअरचं पाणी ओतायचं ही गावची सवय. या जड पाण्याचा क्षार आत साठतो, रेडिएटर चोक होतो आणि ऐन उन्हाळ्यात गाडी तापते. मग हेड गॅसकेट जातं आणि हजारोंचं बिल येतं. दोष गाडीचा नसतो, पण नाव तिचंच खराब होतं.

तिसरं म्हणजे उंदीर. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या असलेल्या गाडीची वायर कुरतडली, तर जुनी गाडी टेप गुंडाळून चालायची. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर जास्त आहेत. एक वायर तुटली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि स्कॅनर लावल्याशिवाय दोष सापडत नाही. जतपासून सांगली ८० किलोमीटरच्या आसपास आहे. टोइंगचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त होतो. नव्या गाडीत बिघाड कमी होतात हे खरं, पण झालेला बिघाड गावात निघत नाही.

आता पेट्रोलचाच प्रश्न

या सगळ्यात भर पडली ती ई-२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं आणून २०२५ मध्येच गाठलं गेलं. आज पंपावर नळी लावली की साधारण हेच पेट्रोल टाकीत पडतं.

सातारा-सांगलीला हा विषय परका नाही. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून इथेनॉल जातं आणि त्याच्या पैशावर उसाच्या बिलाची गणितं जुळतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हा कारखान्यांची झोप उडाली होती. ही बंधनं ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. त्यामुळं इथेनॉल बंद करा, असं इथला शेतकरी म्हणणार नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या दारात २०१२ ची गाडी उभी आहे, आणि ती ई-२० साठी बनलेलीच नाही.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिला होता, की साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० वर सेट केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि ई-२० साठी सेट केलेल्या गाडीचं १ ते २ टक्क्यांनी. हिशेब सोपा आहे. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली, तर ५० लिटरऐवजी ५३ लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटर १०५ रुपये धरलं तर वर्षाला सुमारे ४ हजारांचा जादा भार पडतो.

दुसरा धोका रबराचा. इथेनॉलमुळं जुन्या प्रकारचे पाइप, गॅसकेट, ओ-रिंग फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल पाणीही ओढतं. त्यामुळं गणपती ते शिमगा दारात उभी राहणारी गाडी रोजच्या गाडीपेक्षा लवकर कुरकुर करते.

सरकारची बाजूही आहे. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की ॲव्हरेजची भीती वाढवून सांगितली जातेय, ऑक्टेन वाढल्यानं पिकअप सुधारतं, काही जुन्या गाड्यांत रबरी भाग बदलावे लागतील पण ते स्वस्त आहेत, आणि विम्यावर परिणाम होत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पण जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे संरक्षक इंधन म्हणून काही काळ मिळत राहावं, असं नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात सुचवलं होतं. उद्दिष्टाची तारीख पाळली गेली, ही सूचना मात्र गावच्या पंपापर्यंत आली नाही. रबरी भाग स्वस्त असतीलही, पण ते बदलायचे हे गाडीमालकाला सांगणार कोण?

गाडी घेताना, गाडी ठेवताना

जुनी गाडी घेताना रंगाआधी कागद आणि तळ बघावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली-मिरज पट्ट्यात पाणी शिरलं, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आत मातीची रेघ असेल तर ती सापडते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, मॅटखाली कुबट वास असेल तर सौदा सोडावा. आरसीवर कर्जाचा बोजा आणि कितवा मालक हेही तपासावं. १५ वर्षांनंतर फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तो खर्च आधीच धरावा.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालणारं आहे. त्याआधीची गाडी असेल तर मॅन्युअल बघावं, आणि सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप, गॅसकेट तपासायला सांगावेत. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर तो अंगावर काढू नये, त्यात आगीचा धोका आहे. बरेच महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, आत हवा राहिली की ओलावा येतो.

पण सगळा भार मालकानंच का उचलायचा? कोणत्या वर्षाच्या कोणत्या मॉडेलला कोणता पार्ट लागेल, त्याची किंमत किती, ही यादी कंपन्यांनी मराठीत छापून तालुक्याच्या गावापर्यंत द्यायला हवी. पंपावर इथेनॉलचं प्रमाण मोठ्या अक्षरात लिहायला हवं. आणि कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत डिस्टिलरीच्या नफ्यावर बोलताना हाही विषय सभासदांनी काढायला हरकत नाही. इथेनॉलचा फायदा उसाच्या बिलात दिसतो. त्याचा खर्च मात्र त्याच सभासदाच्या गाडीत, मेस्त्रीच्या बिलावर दिसतोय.