सेहेचाळीस नगांची पेटी नको, एक धड पक्कड हवी



मागच्या रविवारी मंदिरात स्वाध्याय संपल्यावर आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो. एका वहिनींनी मोबाइल पुढे केला. अवजारांची पेटी, सेहेचाळीस नग. १,९९९ वर काट मारलेली आणि खाली लाल अक्षरांत ५९९. "आज रात्री बारापर्यंतच आहे बरं का!" बघता बघता चौघींनी मागवली. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "फुकट दिली तरी घेऊ नका." त्यावर हशा झाला. "तुमचं आपलं सगळ्यातच वाकडं," असं एकीने ऐकवलंही. मंदिराच्या ओट्यावर वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी अशीच एक पेटी मी घेतली होती. तेव्हा मीही चार जणींना फोन करून सांगितलं होतं, "एवढं सगळं सहाशेच्या आत!" त्या पेटीचा हिशेब आज मांडते.

पहिलं काम पडलं ते दशलक्षण पर्वात. रात्री नऊच्या सुमारास मोरीतला नळ गळायला लागला. पाणी वाया जाताना आपल्या जिवाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या सासवांच्या आपण सुना. मी पेटीतला पाना काढला, नटाला लावला आणि जोर दिला. पान्याचा जबडा फाकला आणि नटाचे कोपरे झाले गोल. मग कुठलाच पाना त्याला धरेना. रात्रभर खाली बादली लावून मी दर तासाला उठत होते. सकाळी प्लंबरने तो नट कापून काढला आणि नवा नळ बसवला. नळ आणि मजुरी मिळून पेटीच्या किमतीहून जास्त पैसे गेले.

दुसरं काम सांगताना अजून अंगावर काटा येतो. माझा पुतण्या सुट्टीला आला होता. पंख्याचं बटण बिघडलं म्हणून त्याने पेटीतला टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. करंट नाही असं समजून त्याने बोर्ड उघडला, आत बोट घातलं आणि मागे फेकला गेला. कोपर कपाटावर आपटलं, पण जीव वाचला. वायर जिवंत होती, मेला होता तो टेस्टर. जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून ५९९ हा आकडा मला स्वस्त वाटत नाही.

आता त्या काट मारलेल्या किमतीचं बघू. पाकिटावरची एमआरपी ठरवतो तो माल बनवणारा किंवा बाहेरून आणणारा. कायद्याचं म्हणणं एवढंच, की छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नका. ती किंमत वाजवी आहे की नाही, हे कोणी तपासून दिलेलं नसतं. सहाशेला विकायची वस्तू, तिच्यावर दोन हजार छापायचे आणि मग काट मारायची. यात आपल्याला सूट मिळाली कुठे? भाजीवाल्याने गवार तीनशे रुपये किलो सांगून "तुमच्यासाठी शंभर" म्हटलं तर आपण पिशवी उचलून चालू लागतो. मोबाइलसमोर मात्र आपली अक्कल कुठे जाते?

नगांच्या आकड्याचंही तसंच. माझ्या पेटीत तीसेक नग म्हणजे स्क्रूची बारकी टोकं आणि नटाच्या वाट्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना बसेल असा नट आमच्या घरात शोधूनही सापडला नाही. तीन वर्षांत हात लागला तो सहा नगांना. त्यातले दोन मोडले आणि एक खोटं बोलला.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "लोखंडाला भाव विचारू नको माय, काम विचार." त्यांच्या सासऱ्यांचं शिवणकाम होतं. त्यांची पितळी मुठीची मेरठची कात्री आजही आमच्या घरात आहे. मेरठच्या कात्र्यांचं वैशिष्ट्य हे, की त्या पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येतात. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, असंच तिकडे त्यांच्याबद्दल म्हणतात. २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या कात्रीने तीन पिढ्यांचं कापड कापलं. घेतली तेव्हा ती महाग वाटली असेल. पण तिची किंमत तिने केलेल्या कामाने भागा आणि माझ्या पेटीची तिने केलेल्या कामाने भागा. मग सांगा कोण महाग पडलं.

"पण आम्हाला बायकांना त्यातलं काय कळतं?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. पदर बोटांत चोळून सुती किती आणि भेसळ किती हे सांगणारी बाई, नारळ हलवून पाणी ओळखणारी बाई, तिला पक्कड कळत नाही? कळते. दुकानात हातात घेऊन बघायची लाज सोडा, एवढंच.

पक्कड घेताना ती मिटवा आणि उजेडाकडे धरा. टोकाशी जबडे जुळले पाहिजेत आणि तार कापायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. मग उघडझाप करा. सांधा आडवा डुलत असेल तर ठेवून द्या. मुठीवरचं प्लास्टिक पकडीसाठी असतं, ते शॉकपासून वाचवेल असं धरून चालू नका. विजेच्या कामाची पक्कड वेगळी असते आणि तिच्यावर १००० व्होल्टची खूण असते.

स्क्रू ड्रायव्हर घ्यायला जाताना घरातला एक स्क्रू रुमालात बांधून न्या. टोक खाचेत घट्ट बसलं पाहिजे. हलकं टोक दोन-चार वापरांत झिजतं आणि मग स्क्रूची खाचही खातं. चांगल्या दांडीवर क्रोम व्हॅनेडियम असं लिहिलेलं सापडतं. नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, पण ती नसतील तर दुकानदाराला विचारा तरी.

हातोडी घरासाठी पाव किलोची पुरे. दांडा धरून झटका द्या. डोकं जरा जरी हललं तरी नको, कारण निसटलेलं डोकं कोणाच्या कपाळावर जाईल याचा नेम नाही. लाकडी दांडा असेल तर वरून पाचर ठोकलेली आहे का बघा आणि लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून जातात का बघा. आडव्या रेषांचा दांडा ताडकन मोडतो.

पान्याची चक्री फिरवून पाहा आणि जबडा बोटांनी हलवा. खुळखुळला तर तो नटाचे कोपरे खाणार, हे मी रात्रभर बादली उचलून शिकले. मोजायच्या टेपचं टोकाचं आकडं मात्र किंचित हललंच पाहिजे. तो दोष नव्हे. आतून मोजताना आणि बाहेरून मोजताना त्या पत्र्याच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ते तसंच ठेवलेलं असतं.

आणि टेस्टर. आयएसआयची खूण असलेलाच घ्या. वापरताना आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून दिवा लागतो का बघा, मग बिघडलेल्या जागी लावा आणि पुन्हा चालू सॉकेटमध्ये लावून खात्री करा. एवढं करूनही मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. ही एक ओळ मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर!

सहा वस्तू झाल्या. घरगुती संसाराला याहून फार काही लागत नाही. एकेक करून घ्या, काम पडेल तशी. आपल्या निलंग्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. लातूरला गेलात तर गंजगोलाईला जाणं होतंच. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, पाय मोडले तरी चार दुकानं पालथी घाला. पक्कड-पान्याला नाव असलेला कारखाना बघा. नाशिकची टपारिया १९६९ पासून आपल्या महाराष्ट्रात हीच अवजारं बनवते. दुकानातून घेतलेली वस्तू खराब निघाली तर ती नेऊन गल्ल्यावर आपटता येते. रात्री बारापर्यंतच्या सवलतीला गल्ला नसतो.

विळी, खुरपं, सांडशी घ्यायची असेल तर रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाड्याकडे जा. तो सांडशीत लाल लोखंड धरतो आणि त्याची बायको दोन्ही हातांनी घण मारते. धारेला पाणी कसं दिलं ते तुमच्या डोळ्यांसमोर दिसतं. बोथट झालं की तोच शेवटून देतो. आता खरं सांगा, त्या घण मारणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपणच ना? आणि तिथून घरी येऊन ५९९ ची पेटी एका बोटाने मागवणाऱ्याही आपणच. जिच्या हाताला घट्टे पडलेत तिचे वीस रुपये कापायचे आणि जो दिसतही नाही त्याला मुकाट पैसे द्यायचे, ही काटकसर नाही. अचौर्याचं व्रत घेणाऱ्या बाईला ती शोभतही नाही.

आता धर्माचा मुद्दा. एक काकू मला म्हणाल्या, "जैनाच्या घरात हत्यारं जमवू नयेत. अनर्थदंडात येतं ते." काकूंचा मान राखून सांगते, अर्धंच सांगितलंत. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे हे खरं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याखाली कुऱ्हाड, तलवार आणि खणायचं अवजारही येतं. पण व्रताच्या नावातच 'अनर्थ' आहे, म्हणजे प्रयोजनावाचून केलेलं. त्याच व्रताच्या अतिचारांत अतिप्रसाधन आणि असमीक्ष्य अधिकरण हे दोन येतात. गरजेपेक्षा जास्त साधनं गोळा करणं आणि विचार न करता ती हाताळणं. मग सांगा, दोष कुठे लागतो? कामाच्या एका पक्कडीत की पलंगाखाली गंजत पडलेल्या चाळीस नगांत? आणि भगवान ऋषभदेवांनी जी सहा कर्मं शिकवली त्यांत कृषी आहे, शिल्पही आहे. अवजारावाचून शेती कशी होणार आणि शिल्प कसं होणार?

आत्याबाईंनी सांगितलेली एक गोष्ट इथे सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि आपल्या दशलक्षणाचाही शेवट होता. किल्लारीचा तो भूकंप आपल्या भागातल्या कुठल्या घराला सांगावा लागतो? दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो गेले. आत्याबाईंचे भाऊ त्या सकाळी मदतीला गेले होते. ते सांगायचे, तिथे कोणी सोनं मागत नव्हतं, पैसा मागत नव्हतं. "पहार आहे का? कुदळ आहे का? फावडं द्या!" एवढंच चहूकडून ऐकू येत होतं. ज्यांना काही मिळालं नाही ते नखांनी माती उकरत होते. मामांनी घरातली पहार आणि कुदळ नेली होती. कुदळीचा दांडा पक्का होता, दिवसभर टिकला. त्या कुदळीखालून एक लेकरू जिवंत निघालं, असं सांगताना त्यांचा आवाज बसायचा.

शास्त्रात हिंसादानात मोडणारी तीच कुदळ. त्या दिवशी ती उसनी देणं हिंसादान होतं की अभयदान, हे काकूंनीच ठरवावं. मला त्यातून एवढंच समजलं, की अवजार कशासाठी घेतलं आणि वेळेला ते टिकलं का, हे दोन प्रश्न खरे. त्या कुदळीचा दांडा माझ्या पेटीतल्या पान्यासारखा निघाला असता तर?

तेव्हा ज्या चौघींनी पेटी मागवली आहे त्यांनी अजून निघाली नसेल तर ती रद्द करावी. परिग्रहाचं परिमाण करताना आपण साड्या मोजतो, दागिने मोजतो. या चातुर्मासात अवजारंही मोजू या. जे काम घरात पडत नाही त्याचं अवजार घ्यायचं नाही आणि जे घ्यायचं ते हातात धरून, उजेडात बघून घ्यायचं.

येत्या रविवारी स्वाध्यायानंतर मी माझी पक्कड आणि टेस्टर घेऊन येते. ज्यांची पेटी आली असेल त्यांनी ती जरूर आणावी. ओट्यावर ऊन चांगलं येतं. एकेक नग उघडून बघू, मग हसायचं असेल तर सगळ्या मिळून हसू.

जय जिनेंद्र.