भूगोलाचा पेपर राहिलाच!

तुम्ही २०२०च्या दहावीच्या बॅचचे असाल, तर आठवतंय ना? २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. बाकीच्या पेपरांच्या सरासरीने मार्क मिळाले. मार्कांचं ठीक आहे हो, पण शेवटचा पेपर सुटल्यावर शाळेच्या गेटबाहेर जो कल्ला होतो, तो आपल्या नशिबी आलाच नाही. ‘भेटू रे’ म्हणायचंही राहून गेलं.

आता बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वाढदिवसाचे केक, फॉरवर्ड, संपलं. मध्येच कुणीतरी गेट-टुगेदरचं काढतं. रिसॉर्ट, माणशी दीड हजार. की अर्धा ग्रुप गप्प! त्यांना माज आलाय असं समजू नका. कुणी अजून एमपीएससीसाठी अभ्यासिकेत बसलंय, कुणी दिवसभर पार्सलं पोचवतंय. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्नच त्यांना नको असतो. आणि जे ग्रुपवरच नाहीत त्यांचं काय? बारावीनंतर लगेच लग्न झालेल्या मैत्रिणीचा नंबर तर कुणाकडेच नसतो.

म्हणून पंचवीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्याची वाट बघू नका. रिसॉर्ट तर नकोच. शाळेसमोरच्या वडापावच्या गाडीवर भेटा, पॅकेजचा विषय काढायला बंदी. त्याआधी त्या मैत्रिणीचा नंबर शोधा. तिच्या आईला विचारा, काकूंकडे असतोच. आणि मेसेज टाकू नका, थेट फोन लावा.