निष्ठेचा कागद

परवा ऑफिसात एक कागद फिरला. ‘या कंपनीविषयी तुम्हाला किती आपुलकी वाटते? एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करा.’ साहेब म्हणाला, आपण सगळे एक कुटुंब.

कुटुंब? कोणाचं? पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलानं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली आळी. तिसऱ्या प्रश्नाला त्याला हवं ते उत्तर मिळालं आणि माझा डबा एकटा पडला. संडास धुणारा आपलाच माणूस. बारा वर्षं तोच आहे, कंत्राटदार चार बदलले. त्याला कागद दिलाच नाही. तो कुटुंबात नाही. घाण मात्र कुटुंबाचीच काढतो.

माझा आजा गिरणीत होता, रिंगखात्यात. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला बंदी. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याची थुंकी चालत नव्हती. बंदी सोबतच्या सवर्ण कामगारानं घातली, मालकानं चालू दिली. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. 1938 ला मनमाडला रेल्वे कामगारांना त्यांनी दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आज एसीत दोघं एकाच खुर्चीत बसतात.

आणि वर निष्ठा मागतात! गावगाड्यानंही महाराकडं निष्ठाच मागितली. वेस राखा, सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा. बदल्यात शिळी भाकर. ज्या जागेत माणूस म्हणून उभं राहता येत नाही, त्या जागेवर जीव जडेल कसा? दिवाळीच्या मिठाईच्या पुड्यानं?

मुंबईत कचरा उचलणारे 2,700 कंत्राटी कामगार कायम होण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, 2017 साली जिंकले. मालकावर निष्ठा ठेवून नाही, युनियन बांधून.

दोस्तांनो, काम चोख करा. घाम आपला आहे, त्याची लाज राखा. पण मालकाची आरती आपली नाही. आपली निष्ठा बाजूच्या कामगाराशी, आणि तीही त्यानं आपला डबा बाटलेला मानला नाही तरच.

माझी नोकरी अजून कायम नाही. तरी मी एकावर खूण केली. खाली नाव लिहिलं, आडनावासकट. मग एक कोरा कागद घेऊन संडासाकडं गेलो. म्हटलं, दादा, तुम्हीही खूण करा.