उंबरठ्याबाहेर पडताना

सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही घरात डोकावून पाहावे. तेथे एक लहानशी लढाई चाललेली दिसते. एका मोज्याचा जोडीदार सापडत नाही, परीटघडीच्या सदऱ्याची नेमकी गळ्याजवळची गुंडी तुटलेली असते आणि छत्री समोरच्या कोपऱ्यात उभी असूनही कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अखेर वडील दाराशी येतात, पायांत वहाणा चढवतात आणि म्हणतात, ‘‘बरं, येतो!’’ निघालेला मनुष्य ‘येतो’ म्हणतो, ही मराठी भाषेची मोठी गोड रीत आहे. ‘जातो’ हा शब्द मराठी घराला रुचत नाही. आणि निघणाऱ्याला पाठीमागून ‘कोठे निघालात?’ असे विचारणे तर वडीलधाऱ्यांना मुळीच खपत नाही.

एवढी धांदल कशासाठी? घरात जुनी विजार आणि विरलेला सदरा चालतो. तेथे मनुष्य कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी भाऊ असतो. उंबरठा ओलांडला, की तोच पोस्टमन होतो, बसचा वाहक होतो, शिक्षक होतो. आणि ज्यांनी त्याला पूर्वी कधी पाहिले नाही, अशा माणसांच्या उपयोगी पडायला निघतो. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण लोक अशा वेळी हटकून सांगतात. म्हण चतुर आहे, पण तिचा हिशेब चुकला आहे. मुंबईत डबे पोहोचवण्याचा व्यवसाय १८९० च्या सुमारास सुरू झाला. डबेवाल्याच्या डोक्यावरील पांढरी टोपी ती काय, हातभर कापडाची! पण ती दाराशी दिसली, की गृहिणी नावगाव न विचारता गरम जेवणाचा डबा त्याच्या हाती देते. त्या टोपीला ही पत कोणत्या दुकानात मिळाली नाही. टोपी घालणाऱ्यांनी वर्षानुवर्षे उन्हापावसात डबे वेळेवर पोहोचवले, त्यांच्या श्रमांनी ती मिळवली आहे.

मात्र हा मान सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. शहरातील सफाई कामगार पहाटे घरून निघतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या अंगावर साधे, स्वच्छ कपडे असतात. कामाचे कपडे पिशवीत घडी करून ठेवलेले असतात. ते तो कामाच्या ठिकाणी चढवतो आणि काम आटोपल्यावर हातपाय धुऊन पुन्हा बदलतो. यात आरोग्याची दक्षता आहे, हे खरे. पण दुसरेही एक कारण आहे आणि ते सांगताना संकोच वाटावा असे आहे. गर्दीच्या बसमध्ये तो पोशाख दिसला, की शेजारचे प्रवासी अंग चोरून घेतात. ज्या झाडलेल्या रस्त्यावरून चालत ते बसथांब्यापर्यंत आले, तो रस्ता कोणी झाडला, याचा त्यांना तेवढ्यात विसर पडतो.

पिशवीत दुसरे वस्त्र घेऊन कामाला निघण्याची एक आठवण पुण्याच्या इतिहासातही आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे शिकवायला सावित्रीबाई जाऊ लागल्या, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. स्त्रीने शिकवावे, मुलींनी शिकावे, हे ज्यांना सहन होत नव्हते, ते लोक वाटेत त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे जवळ बाळगीत आणि शाळेत पोहोचल्यावर मळलेले लुगडे बदलीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. त्या दुसऱ्या लुगड्याची घडी घालताना, आज वाटेत काय होणार आहे, हे त्यांना ठाऊक असे. तरी त्या घडी घालीत आणि निघत. मळलेल्या लुगड्यानेही धडा शिकवता आला असता. अक्षरे काही कमी उमटली नसती. परंतु वर्गात बसलेल्या त्या चिमुकल्या मुलींपुढे शिक्षिकेने स्वच्छ वस्त्रांनीच उभे राहावे, एवढा मान त्यांनी त्या मुलींना दिला.

आज असंख्य स्त्रिया रोज सकाळी कामावर निघतात. त्यांच्या वाटेवर कोणी चिखल घेऊन उभे नसते. त्यांची अडचण घरातच असते. पोळ्या, डबे, पाणी, कोणाचा मोजा, कोणाची छत्री, हे सारे उरकता उरकता आरशापुढे उभे राहायला आईला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. वास्तविक अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना गुंडी टाकता येते, बुटांना पॉलिश करता येते आणि मोजे तर रात्रीच जोडीने ठेवता येतात. पण ही कामे आईचीच, असे घराने कधी न विचारताच ठरवून टाकलेले असते. सर्वांना वाटेला लावून ती स्वतः निघते, तेव्हा दाराशी तिला निरोप द्यायला कोणी उरलेले नसते. एका हाताने निऱ्या सावरीत आणि दुसऱ्या हाताने कुलूप ओढून पाहत ती घाईघाईने जिना उतरू लागते. आणि तेथूनच शेजारच्या आजींना तिचा आवाज ऐकू येतो, ‘‘आजी, येते हं!’’