मांजर गोल ओरखडे काढत नाही

परवा शनिवारी सकाळी साताऱ्याला घरी पोचलो. हिंजवडीपासून सव्वाशे किलोमीटर, खंबाटकीत नेहमीची रांग, त्यामुळे डोकं आधीच भणभणलेलं. गाडी शेडमध्ये लावली, आत जाऊन चहा घेतला आणि बाहेर येऊन बघतो तर आमची सोनी बॉनेटवर पसरलेली. मी काही बोलणार तेवढ्यात शेजारचे काका कंपाउंडवरून म्हणाले, "अरे, नव्या गाडीवर मांजर झोपतंय तुझ्या! चार डांबरगोळ्या टाक तिथं. आणि नाहीच गेलं तर सांग, माझ्याकडं दुसरं औषध आहे."

दुसरं औषध म्हणजे उंदरांचं. काकांच्या हातात चहाचा कप होता, आवाजात काळजी होती. माणूस अजिबात वाईट नाही. माझ्या बारावीच्या वेळी रोज सकाळी मला क्लासला सोडायचे. पण 'झाडाला पाणी घाल' म्हणावं तितक्या सहज त्यांनी एक जीव मारायचा सल्ला दिला, आणि कशासाठी? तर रंगासाठी. काकांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज हे लिहायला बसलोय. देता आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी काकांच्याही पुढे गेलो होतो.

झालं असं की गाडी घेतली ती काळी. (काळी गाडी घेऊ नका. हा सल्ला फुकट आहे.) हप्ते पाच वर्षांचे. पहिल्या तीन महिन्यांत उन्हात बघितलं तर सगळ्या बॉनेटवर बारीक ओरखडे. शेडमध्ये तेव्हा एक करडी मांजरी यायची, काचेवर तिच्या पायांचे ठसे असायचे. गुन्हेगार सापडला! ऑफिसात एकाने लाल पाण्याची बाटली ठेवायला सांगितलं, दुसऱ्याने मिरपूड, तिसऱ्याने फिनेल. मी म्हटलं, हे सगळं कशाला? एका रविवारी तिला पोत्यात घातलं, हायवेपलीकडे एका ढाब्यामागे सोडलं आणि तसाच पुण्याला गेलो. वाटेत गाणी ऐकली, हेही सांगून टाकतो.

बुधवारी आईचा फोन आला. शेडच्या माळ्यावर रद्दीमागे पिल्लं ओरडत होती. तीन. आईला आवाज आला तोवर त्यांना तीन दिवस दूध नव्हतं. मी गुरुवारी सुट्टी टाकून आलो आणि त्या ढाब्यामागे दोन तास हिंडलो, पण ती करडी काही सापडली नाही. दोन पिल्लं गेली. तिसरं आईने डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीचं दूध ड्रॉपरने पाजून जगवलं. तीच ही सोनी.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली... करडी गेली, सोनी अजून खोक्याबाहेर पडत नव्हती, आणि महिन्याभरात बॉनेटवरचे ओरखडे वाढले! पुण्यात एका पॉलिशवाल्याकडे गाडी नेली. त्याने दिवे घालवले, बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाला, "साहेब, हे बघा." कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वलयं. "मांजर असं गोल करत नाही. हे पुसल्याचं आहे. गाडी कशाने पुसता?"

बाबांच्या जुन्या बनियनने. कोरड्या. दर शनिवारी आल्या आल्या, सव्वाशे किलोमीटरची धूळ अंगावर असताना, गोल गोल आणि वर जोर लावून.

इंजिनिअर आहोत तर जरा हिशोब करू. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण 40-50 मायक्रॉनचा. आपला केस जाडीला साधारण 70 मायक्रॉन. म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर आपला सगळा तोरा! आता काठिण्याची मोजपट्टी घ्या, शाळेत भूगोलात होती ती, मोह्‌जची. नख 2.5 च्या आसपास. मांजराचं नखही आपल्या नखासारखंच केराटिनचं. आणि आपल्याकडची धूळ? अजिंक्यताऱ्यापासून खंबाटकीपर्यंत सगळा काळा दगड, बेसाल्ट. त्यातली खनिजं 6 च्या आसपास. ही धूळ बनियनमध्ये धरून आपण दर आठवड्याला गाडीवर घासतो आणि वर म्हणतो, मांजराने रंग घालवला.

मांजराला क्लीन चिट देत नाहीये मी. नख रंगाला लागू शकतं. पण कधी, ते बघा. मांजर साधं चालताना नखं आत ओढून घेतं. बाहेर काढतं ते पाय घसरला तर, किंवा घाबरून उडी मारताना. गुळगुळीत बॉनेटवर निवांत झोपलेल्या मांजराला आपण दुरून "हाऽऽड" करून ओरडतो, ते दचकून नखं रोवून पळतं, आणि तीन-चार समांतर छोट्या रेषा उमटतात. खाली उतरत गेलेल्या, सरळ. म्हणजे त्यातला निम्मा ओरखडा आपल्या ओरडण्याचा! आमच्या गाडीवर अशा रेषा शोधून शोधून दोन सापडल्या. वलयं मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

ऑफिसात प्रॉडक्शनला काही फुटलं तर आपण मूळ कारण शोधायला तीन-तीन तास मीटिंगा घेतो. लॉग न बघता कुणी "त्या नव्या पोराचा कोड असेल" म्हणालं तर आपल्यालाच राग येतो. आणि घरी? बग दिसला, शेजारी मांजर दिसलं, तिकीट बंद. मांजर मीटिंगला येऊन बाजू मांडत नाही, एवढीच त्याची चूक.

माझा मामा सांगलीला गावभागात राहतो. मी वालचंदला होतो तेव्हा दर रविवारी जेवायला त्याच्याकडेच. त्याची गाडी चौदा वर्षांची. वाड्याच्या दारात पत्र्याखाली उभी असते आणि तिच्यावर कायम दोन मांजरं. रंग असा की मला लाज वाटते. विचारलं तर म्हणाला, "भाचेबुवा, पुरानं शिकवलं." 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, गावभाग बुडाला. मामाने गाडी आधीच विश्रामबागला मित्राकडे नेऊन लावली होती. बोळातल्या बाकीच्यांना जमलं नाही. पाणी ओसरल्यावर सगळ्या वस्तूंवर गाळाचा थर, वाळून पापडी झालेला. लोक बिचारे आधीच कावलेले, हाताला येईल त्या फडक्याने गाड्या पुसत सुटले. ज्यांची इंजिनं वाचली त्यांच्याही गाड्यांचे रंग गेले. तेव्हापासून मामा गाडीला कोरडं फडकं लावत नाही. आधी नुसतं पाणी, धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत फडकं पिळायचं साधं पाणी, आणि शेवटी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यायचं. ऊस गाळपाच्या दिवसांत काजळी पडते तेव्हाही हेच. मांजरांबद्दल विचारलं तर म्हणाला, "त्यांचं काय? झोपतात बिचारी."

आता काकांच्या औषधांकडे येतो. डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. ती मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, यकृत बिघडवते. फिनेलचंही तेच. मांजराच्या यकृतात अशी रसायनं निकामी करणारी एक यंत्रणा जवळजवळ बंदच असते, त्यामुळे आपल्याला नुसता वास येतो ते त्याला विष होतं. फरशीवरून चालतं, पंजा चाटतं, संपलं. उंदराच्या औषधाने तर रक्त गोठायचंच थांबतं, आणि मांजर तीन-चार दिवस कुठेतरी कोपऱ्यात मरत पडतं. आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्याला ते 'गेलं' असं वाटतं. लाल पाण्याच्या बाटल्या निदान निरुपद्रवी आहेत. जपानमध्येही मांजरासाठी पाण्याच्या बाटल्या दारात ठेवतात म्हणे, आणि तिथलीही मांजरं त्यांना भीक घालत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर विष घालून जनावर मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्याआधी दंड संहितेतही अशी कलमं होतीच. दुसरीकडे 1960 चा प्राण्यांवरील क्रूरतेचा कायदा बघा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! पार्किंगची पावती याहून महाग पडते. जनावर सोडून देऊन त्याला भुकेचे हाल भोगायला लावणं हेही त्यात बसतं, म्हणजे माझं पोतं. माझी आजी याच्यापेक्षा कडक होती. तिच्या हिशोबात मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान.

"पाप-बिप ठीक आहे, पण गाडी माझी आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी फायद्याचंही बोलू. पावसाळ्यात उभ्या गाडीचा खरा शत्रू उंदीर. करडीला सोडून आलो त्याच पावसाळ्यात माझी वायरिंग कुरतडली गेली, आणि ते बिल पॉलिशच्या चौपट होतं. ही काही नवी गोष्ट नाही. प्लेगच्या काळात अमरावतीला असलेले सरकारी डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की ज्या गावांत घरोघरी मांजरं आहेत तिथे प्लेग कमी दिसतो. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. न्यूयॉर्कच्या एका कचरा केंद्रात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2018 मध्ये आला. 79 दिवसांत मांजरांनी उंदीर मारले फक्त दोन. पण मांजरं आसपास असली की उंदीर बिळाबाहेर कमी पडत होते. मला तेवढंच हवंय. उंदीर मारू नका, फक्त माझ्या वायरीपाशी येऊ नका!

बरं, मग बॉनेट वाचवायचं कसं? मांजर तिथे का जातं, ते आधी बघू. त्याला स्वतःला तापवायला किंवा गार करायला जादा कष्ट पडत नाहीत असं तापमान आहे 30 ते 38 अंश. साताऱ्याच्या थंडीत रात्री असं ठिकाण एकच, आत्ताच आलेल्या गाडीचं बॉनेट. म्हणजे त्याला उंच आणि ऊबदार जागा पाहिजे, गाडी नको आहे. आम्ही शेडच्या भिंतीला एक फळी ठोकली, तिच्यावर खोकं, खोक्यात गोणपाट आणि आईचा जुना स्वेटर. खर्च दीडशे रुपये. सोनी आता दहातल्या सात दिवशी तिथे असते.

उरलेल्या तीन दिवसांसाठी गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्यांची, मऊ. गाडी गार झाल्यावर, धुतली असेल तर, झटकून बॉनेटवर टाकायची. (घोंगडं नको, ते खरखरीत.) पूर्ण कव्हर घेणार असाल तर आतून सुती अस्तर असलेलं घ्या आणि धुळीच्या गाडीवर चढवू नका, नाहीतर पुन्हा बनियनचीच गोष्ट. हौस असेल तर बॉनेटपुरती संरक्षक फिल्म लावून घ्या, ती नखं खरंच झेलते. सिरॅमिक कोटिंगला मात्र वीस-पंचवीस हजार मोजून "आता मांजर नाचलं तरी चालेल" असं समजू नका. तो थर इतका पातळ असतो की नखाला त्याचं काही नाही. पाणी छान ओघळतं, एवढंच.

आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. मांजरं खालून इंजिनपाशी शिरून झोपतात. जपानमध्ये निसानने 2015 मध्ये यासाठी मोहीमच काढली होती. थाप मारायला दोन सेकंद लागतात.

पिल्लांचा प्रश्न उरतोच, कारण एकीच्या सहा महिन्यांत पाच होतात आणि मग काकांचं औषध पुन्हा निघतं. सोनीचं ऑपरेशन करून घेतलं. माझ्या पुणे-सातारा रस्त्यावरच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे मला इतकी वर्षं जाता-येता बोर्ड वाचूनही लक्षात आलं नव्हतं. जवळच्या पशुवैद्याकडे विचारा, पोतं शोधण्यापेक्षा सोपं आहे.

काल रविवारी संध्याकाळी निघताना काकांच्या पोर्चमध्ये डोकावलो. काका गाडी पुसत होते. कोरडं फडकं, गोल गोल. मी म्हटलं, "काका, जरा बॅटरी आणता का?" त्यांनी आणली. तिरकी धरली. बराच वेळ दोघंही बॉनेटकडे बघत उभे राहिलो. मग काका म्हणाले, "तुमच्या मांजरानंच केलंय हे." मी काही बोललो नाही. माझ्याकडचं जादा मायक्रोफायबरचं फडकं त्यांना दिलं, आणि ते उंदराचं औषध मागून घेतलं. दिलं त्यांनी. डांबरगोळ्या मात्र अजून त्यांच्याकडेच आहेत, पुढच्या शनिवारी बघतो.