आधी मेद झडवावा की स्नायू कमवावेत?

वजने उचलून व्यायाम करण्याची हौस आपल्या समाजातील तरुणांत अलीकडे बरीच वाढली आहे, ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. ह्या तरुणांपैकी कित्येकजण माझे जुने विद्यार्थी असल्यामुळे भेट झाली की हमखास विचारतात, "गुरुजी, आधी पोट उतरवावे की आधी दंड भरावेत?" प्रश्न वरवर हौशी वाटतो. परंतु आपल्या लोकांच्या बाबतीत तो नुसत्या देखणेपणाचा नाही, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे स्मरणिकेच्या ह्या पानांत त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रश्नातील अडचण अशी की, दोन्ही कामांना आहार उलट दिशेने लागतो. मेद झडावा म्हणून खर्चाहून कमी खावे लागते. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरींचा साठा होय. स्नायू वाढावेत म्हणून मात्र पोटभर, किंबहुना थोडे अधिकच खावे, असे सांगितले जाते. मेदाचे स्नायूत रूपांतर होते ही समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते, पण ती खरी नव्हे. दोन्ही वेगळ्याच पेशी आहेत.

आता आपल्या देहाकडे पाहू. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन ह्यांचे ९.१ टक्के भरले आणि याज्ञिक ह्यांचे २१.२ टक्के! काटा दोघांनाही एकच आकडा दाखवीत होता आणि आतला मामला निराळा होता. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, ही ठेवण आपल्या घरोघरी दिसते. आपले पूर्वज त्याच सह्याद्रीच्या परिसरातून मजुरीचा करार करून ह्या बेटावर आले. समुद्र ओलांडल्याने देहाची घडण बदलत नाही. बदलले ते काम. आजोबा दिवसभर उसाच्या शेतात कोयता चालवीत आणि भाताचा डोंगर उपसून जिरवीत. नातू कचेरीत खुर्चीवर बसतो, पण भाताचा डोंगर तेवढाच राहिला आहे. ह्याचे फळ आपल्यापुढेच आहे: मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी पाचांत सुमारे एकाला मधुमेह आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते तोकडे असले आणि पोटात मेद साठला असला, म्हणजे साखर जायची कोठे?

म्हणूनच व्यायामशाळेतील एक प्रचलित सल्ला मला मुळीच पसंत नाही. "आधी भरपूर खा, वजन वाढव, मग पुढे उतरवू," असे तेथील अनुभवी मंडळी नवख्याला सांगतात. सडपातळ, कमरेने बारीक अशा मुलाला हा सल्ला थोड्या प्रमाणात ठीक आहे. त्याने रोज दोनतीनशे किलोकॅलरी जादा खाव्यात आणि निश्चिंतपणे वजने उचलावीत. पण ज्याची कंबर आधीच सुटली आहे, त्याने ह्या वाटेस जाऊ नये. उलट टोकालाही काही मंडळी आहेत. ती काकडी आणि चहावर दिवस काढतात, वजनाचा काटा उतरला की हर्ष मानतात. पण त्या उतरण्यात मेदाबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे ती शिल्लक आधीच थोडी, ती उधळावी कशाला?

निर्णय आरशावर सोडू नये, शिंप्याच्या फितीवर सोडावा. आपल्या वंशाच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर असल्यास आधी मेद. परंतु मेद झडवताना वजने ठेवून देऊ नयेत, हा माझा आग्रह आहे. २०१६ साली कॅनडातील संशोधकांनी अतिवजनाच्या चाळीस तरुणांवर चार आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांचा आहार गरजेच्या ४० टक्के कमी केला होता आणि सर्वांकडून कसून व्यायाम करून घेतला होता. ज्यांना देहाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने मिळाली, त्यांचा ४.८ किलो मेद गेला आणि मेदविरहित भार १.२ किलोने वाढला. निम्मी प्रथिने मिळालेल्यांचा ३.५ किलो मेद गेला, वाढ मात्र नाममात्र झाली. अर्थात नवख्याला दोन्ही गोष्टी एकदम साधतात. मुरलेल्या पैलवानाला ते अवघड.

इतका कडक आहार घरच्या माणसाला झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही. ऐंशी किलोच्या माणसाने आठवड्याला चारशे ते आठशे ग्रॅम उतरवले तरी पुरे. दर किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिने मिळवणे हेच आपल्या ताटात खरे कठीण. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे चोवीस. तेव्हा भात निम्मा करून डाळ दाट करावी. मासे चालत असतील तर उत्तमच. चतुर्थीच्या शाकाहारी दिवसांत दूध, दही, पनीर ह्यांवर भर द्यावा. (दालपुरीतही डाळ असते, हे उत्तर मी वर्गात अनेकदा ऐकले आहे. असते, पण पिठाच्या मानाने फार थोडी!) मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

हा विषय तरुणांपुरता आहे असेही मी मानीत नाही. चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजू लागतात, आणि साठीच्या आजीला जिन्यावरून उतरताना बाहुबळापेक्षा मांड्यांचे बळच हवे असते. तिच्यासाठी वजने म्हणजे पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या असल्या तरी चालतील. परंतु आमच्या भगिनी व्यायामशाळेत जावयास संकोचतात, ह्याची जबाबदारी पुरुषांनी घ्यावी. मंडळाचे सभागृह उत्सवाचे दिवस सोडता सायंकाळी बंदच असते. रंगमंचाच्या नव्या पडद्यासाठी वर्गणी काढताना त्यातच चार जोड डंबेल्स आणि एक मोजफीत बसवता येईल, आणि आठवड्यातील दोन सायंकाळी स्त्रियांसाठी राखून ठेवता येतील. येत्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे.